माळावरच्या मारवेलाची हकीकत

मराठी भाषेत गवताला मानाची जागा क्वचितच मिळाली आहे. कोणाची पर्वा नसली म्हणजे आपण त्यास तृणवत् लेखतो. शत्रू शरण आला म्हणजे तो दाती तृण धरून येतो. आणि दुबळ्याने डोके वर काढले, तर गवतास भाले फुटले असे आपण उपहासाने म्हणतो. दूर्वा आणि दर्भ ही दोन गवते तेवढी देवघरापर्यंत पोचली. बाकीची, म्हणजे ज्यांच्या जिवावर या देशातील गाय, मेंढी आणि घोडा हजारो वर्षे जगला ती, माळावरच राहिली. त्यांस नावे आहेत, आणि ती गुराख्यांस व धनगरांस ठाऊक आहेत. परंतु आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या मंडळींपैकी किती जणांस मारवेल आणि कुसळी यांतील भेद सांगता येईल, याची शंकाच आहे. प्रस्तुत लेखात यांपैकी एका गवताची, आणि त्याच्या निमित्ताने त्याच्या माळाची, हकीकत सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

अणदूर हे धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातील, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, नळदुर्गाशेजारचे गाव. नळदुर्गाचा किल्ला आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल पाहावयास जाणारे प्रवासी पुष्कळ. वाटेवरच्या माळाकडे मान वळवून पाहणारा विरळा. वस्तुतः पाहण्यासारखे तेथेही आहे. बालाघाटाच्या पठाराची ही दक्षिणेकडील बाजू. खाली सर्वत्र एकच काळा पाषाण. त्याच्या झिजेपासून झालेली जमीन मात्र पावलोपावली निराळी. उंचवट्यावर वीतभर मुरमाड थर, उतारावर मध्यम माती, आणि ओढ्याकाठच्या सखल भागात खोल काळी. पाऊस वर्षाकाठी २५ ते ३० इंचांच्या आसपास, बहुतेक जून ते ऑक्टोबर या महिन्यांत पडणारा, आणि अधूनमधून दगा देणारा. अशा जमिनीवर निसर्गाने आपल्या हाताने काय पेरले होते, याचे उत्तर, जेथे जुना माळ शिल्लक आहे तेथे, उंचवट्यावरून ओढ्यापर्यंत चालत गेल्यास पायांखालीच मिळते. मुरमावर शेडा आणि पवना ही एका वंशातील दोन गवते, त्यांच्या सोबतीस डोंगरी. उतारावर, विशेषतः जेथे जनावरे फार चरली किंवा वणवा वरचेवर लागला तेथे, कुसळी. आणि खाली काळ्या मातीत मारवेल.

ही मांडणी एकट्या अणदूर परिसराची नव्हे. दबडघाव आणि शंकरनारायण या दोन संशोधकांनी देशभरच्या गवतांची पाहणी करून १९७३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी भारतातील गवताळ आच्छादनाचे पाच प्रकार कल्पिले आहेत. त्यांपैकी दख्खन व मध्य हिंदुस्थान यांचा जो प्रकार, त्यास त्यांनी शेड्याच्या आणि मारवेलाच्या वंशांची जोडनावे देऊन ‘सेहिमा-डायकँथियम’ असे म्हटले. या प्रकाराचा टापू त्यांनी सुमारे १७ लक्ष ४० हजार चौरस किलोमीटरांचा धरला आहे, म्हणजे देशाच्या निम्म्याहून अधिक. मुरमावर शेडा आणि काळीत मारवेल ही तुळजापूर तालुक्यातील गुराख्यास ठाऊक असलेली गोष्ट अशा रीतीने अर्ध्या देशाचे लक्षण ठरली.

मारवेल हे एकदा रुजले की वर्षानुवर्षे टिकणारे गवत आहे. ते ठोंब धरून वाढते; काही काड्या जमिनीसरशी पसरतात, पेरापेराशी मुळे धरतात, आणि मग उभ्या होऊन कमरेइतक्या उंच जातात. प्रत्येक पेरावर पांढऱ्या केसांचे बारीकसे कडे असते. हीच त्याची खूण. शेंड्यास जांभूळसर तुरे येतात, पक्ष्याच्या पावलाच्या बोटांसारखे एकाच ठिकाणाहून फुटल्यासारखे दिसणारे. तुऱ्यावरील कणिशके जोडीजोडीने बसलेली असतात. एक बिनदेठाचे, ज्यात दाणा भरतो, आणि दुसरे देठाचे, ज्यात तो भरत नाही. ‘डायकँथियम’ या ग्रीक नावाचा अर्थच ‘दोन तऱ्हांची फुले’ असा आहे. इंग्रजी ग्रंथांत याला ‘मार्व्हल ग्रास’ म्हणतात. ते वाचून एखाद्या परदेशी वाचकाचा असा समज व्हावा की, कोण्या गोऱ्या अधिकाऱ्याने या गवताचा चमत्कार पाहून त्याचे असे बारसे केले! चमत्कार काही नाही. तो आपला मराठी मारवेल आहे.

शास्त्रीय नाव मात्र त्यास मिळाले ते दख्खनपासून फार दूर. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानच्या शोधार्थ पाठविलेल्या मंडळीत लिनीयसचा शिष्य पेर फोर्स्कॉल हा होता. त्याने इजिप्त आणि येमेन या देशांतील वनस्पती गोळा केल्या, आणि १७६३ च्या जुलैत तो येमेनातच हिवतापाने मरण पावला. मंडळीपैकी अखेर एकटा कार्स्टन नीबूर जिवंत घरी पोचला. याच नीबूरने १७६३-६४ साली मुंबईस मुक्काम करून घारापुरीच्या लेण्यांची चित्रे काढली, हे आमच्या वाचकांपैकी काहींस आठवत असेल. मृत मित्राची टिपणे त्याने १७७५ साली छापून काढली. पेरावरील कड्यावरून ‘वलयांकित’ अशा अर्थाचे लॅटिन विशेषण मारवेलास त्या पुस्तकात मिळाले, आणि शेड्याच्या वंशाचे ‘सेहिमा’ हे नावही त्याच पुस्तकातले, अरबी बोलीवरून घेतलेले. पुढे १९१७ साली ऑटो स्टाफ याने मारवेलास हल्लीच्या वंशात बसविले. आपल्याकडील अभ्यासही त्या मानाने मागे नव्हता. डॉ. जोसे कामिलो लिस्बोआ यांनी १८९६ साली मुंबई इलाख्यातील गवतांची व त्यांच्या उपयोगांची यादी प्रसिद्ध केली. त्यांच्या पत्नीने त्यापूर्वीच सुगंधी गवतांवर निबंध लिहिला होता, आणि त्या काळात वनस्पतिशास्त्रावर लिहिणारी हिंदी स्त्री ही केवढी अपूर्व गोष्ट होती हे सांगावयास नको. १९२५ साली बर्न्स, कुलकर्णी आणि गोडबोले यांनी गवते व गवताळ राने यांवर निबंध प्रसिद्ध केला. आणि १९३५ साली सेंट झेवियर कॉलेजचे फादर ब्लॅटर व त्यांचे सहकारी मॅककॅन यांचा मुंबई इलाख्यातील गवतांवरील ग्रंथ निघाला. फादर ब्लॅटर तो पाहावयास राहिले नव्हते.

आता या गवताचे गोत्र पाहू. मारवेल, शेडा, डोंगरी, कुसळी, सुगंधी तेल देणारे रोशा गवत, उन्हाळ्यात आपण पाण्यात टाकतो तो वाळा, ही सारी एका गोत्रातील. आणि याच गोत्रात ज्वारी, ऊस व मका ही पिकेही आहेत. अमेरिकेच्या विस्तीर्ण प्रेअरीचे मुख्य उंच गवत, ज्यास तिकडे ‘बिग ब्लूस्टेम’ म्हणतात, तेही याच घरचे. या साऱ्या भाऊबंदांचा एक कुलाचार आहे. पानात हवेतील कर्बवायू अन्नात रूपांतरित करण्याची त्यांची रीत गहू, भात किंवा झाडेझुडपे यांहून निराळी आहे. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियात १९६६ साली उसाच्या पानांवरून ती उलगडून दाखविली. कर्बवायू आधी एका जागी पकडून त्याची साठवण करावयाची आणि मग तो आतील पेशींत नेऊन वापरावयाचा, अशी ती दुहेरी व्यवस्था आहे. तिच्या योगाने पानावरील रंध्रे फार वेळ उघडी ठेवावी लागत नाहीत, पाणी कमी खर्च होते, आणि रणरणत्या उन्हातही काम थांबत नाही. दख्खनच्या माळावर मारवेल आणि शेतात ज्वारी का टिकते, याचे उत्तर एकच आहे. शेतकऱ्याने मारवेल उपटून ज्वारी पेरली, तेव्हा त्याने एका भावास घराबाहेर काढून दुसऱ्याच्या नावे वतन करून दिले, इतकेच.

काळ्या जमिनीचा स्वभावही गवतास धार्जिणा आहे. ही चिकण माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. चैत्र-वैशाखात तिला अशा भेगा पडतात की, त्यांत काठी घातली तर हातभर आत जाते. भेगांत वरची माती पडते, पुढच्या पावसात ती फुगून खालवर होते. म्हणून काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असे म्हणतात. या ओढाताणीत लहान रोपांची मुळे तुटतात, कोवळे झाड कोरडे पडून मरते. गवताच्या मुळांचा झुबका मात्र असंख्य बारीक तंतूंचा असतो. काही तुटले तरी बाकीचे उरतात. शिवाय त्याचा वाढता कोंब शेंड्यास नसून जमिनीलगत असतो. गाय वरचे पान खाते, वणवा वरची काडी जाळतो, विळा वरची पेंढी नेतो. कोंब खाली सुरक्षित असतो. झाडाच्या दृष्टीने जे संकट, ते गवताच्या पथ्यावर पडते. कुसळीची गोष्ट तर याहून नवलाची. तिच्या दाण्यास टोकदार बूड आणि लांब, पिळलेले शूक असते. रात्रीच्या दवाने ते शूक भिजले की पीळ उलगडतो, उन्हाने वाळले की पुन्हा वळतो. आणि या उलटसुलट फिरण्याने दाणा गिरमिटासारखा मातीत शिरतो. तोच मेंढीच्या लोकरीतून कातडीतही शिरतो, म्हणून शहाणा मेंढपाळ कुसळीस शूक येण्यापूर्वीच ती चारून घेतो. गवतास भाले फुटतात ही म्हण काढणाऱ्याने माळ पाहिला होता, यात आम्हांस संशय नाही.

या माळाचे वय किती, हा खरा वादाचा प्रश्न. गवत या कुलाचे वय विचाराल, तर त्याचा एक फार जुना पुरावा महाराष्ट्रातच सापडला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे राक्षसी सरड्यांच्या दगड झालेल्या लेंड्या मिळतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतील गारेचे सूक्ष्म कण तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पानांतील कण निघाले. २००५ साली हा शोध प्रसिद्ध झाला. साडेसहा कोट वर्षांपूर्वी गवत नव्हतेच असे तोवर बहुतेकांनी धरले होते. ती गवते आजची मारवेल-कुसळी नव्हेत, हे उघड आहे. पण दख्खनच्या खडकांचा रस अजून पुरता थिजलाही नव्हता, त्या काळी या भूमीवर कोणीतरी गवत खात होते, ही गोष्ट लहान नव्हे.

आजच्या माळाविषयी मात्र शास्त्रज्ञांत दीर्घकाळ एक मत रूढ होते. १९३६ साली चँपियन या जंगल खात्यातील अधिकाऱ्याने हिंदुस्थानातील वनांचे वर्गीकरण केले. त्याच्या विचारसरणीप्रमाणे या प्रदेशात पुरेसा पाऊस पडतो, तेव्हा येथे मूळचे अरण्यच असले पाहिजे. कुऱ्हाड, वणवा आणि गुरे यांनी ते नष्ट केले, आणि उरला तो माळ. दबडघाव-शंकरनारायण यांचाही कल पुष्कळसा तिकडेच होता. या मतात तथ्यांश नाही असे नाही. कुसळीचे माजलेले रान हे बहुधा चराई व वणवा यांचेच फळ असते, आणि चराई आणखी वाढली की कुसळीही जाऊन त्याहून निकस गवते येतात. परंतु माळाची अवस्था खालावली, यावरून माळ हीच मुळी वनाची खालावलेली अवस्था आहे, असे अनुमान काढणे म्हणजे एखाद्या कर्जबाजारी कुणब्यास पाहून तो पूर्वी सावकार असला पाहिजे असे म्हणण्यासारखे आहे.

या वादात अलीकडे एक नवाच साक्षीदार पुढे आला, आणि तो मराठी वाङ्मय हा आहे. आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या दोघा संशोधकांनी तेराव्या शतकापासूनचे मराठी ग्रंथ, आख्याने आणि लोकगीते यांतील वनस्पतींचे उल्लेख गोळा केले. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की, उल्लेखिलेल्या रानटी वनस्पतींपैकी बहुसंख्य उघड्या, गवताळ, काटेरी झाडांच्या प्रदेशातील आहेत. सबब पश्चिम महाराष्ट्राचा हा भाग निदान साडेसातशे वर्षे तरी माळच आहे. लीळाचरित्रासारख्या ग्रंथाचा उपयोग भाषेच्या व धर्माच्या अभ्यासकांनी आजवर केला. तो वनस्पतिशास्त्रज्ञांनीही करावा, हे पाहून आम्हांस विशेष समाधान वाटले.

आमची या पुराव्यास एक पुस्ती आहे. दख्खनच्या नकाशावरील गावांची नावे वाचीत जावे. बोरगाव, बाभूळगाव, हिवरे, खैरगाव, पळसगाव यांची पुनरुक्ती किती म्हणून सांगावी! बोर, बाभूळ, हिवर, खैर ही सारी उन्हाची भुकेली, काटेरी झाडे. दाट सावलीत त्यांचे रोप तग धरीत नाही. एकमेकांपासून अंतर राखून, मधल्या जागेत गवत ठेवून ती वाढतात. घनदाट अरण्य तोडून वसविलेल्या गावांस अशी नावे इतक्या सरसहा पडली नसती.

देवांचीही साक्ष काढता येईल. अणदूरचा खंडोबा प्रसिद्ध आहे. येथे देवळे दोन आणि देव एक: वर्षातील सुमारे सव्वादहा महिने मूर्ती अणदुरास असते, आणि थंडीच्या दिवसांत पावणेदोन महिने ती नळदुर्गाजवळच्या मैलारपुरास जाते, पौषी पौर्णिमेची मोठी यात्रा तेथे भरते. देवाने ठरल्याप्रमाणे यावे-जावे, याबद्दल दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार करण्याची वहिवाट आहे. गुंथर सोन्थायमर या जर्मन पंडिताने बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या देवांवर १९७६ साली ग्रंथ लिहून दाखविले की, हे दैवत शेतीचा गाव आणि गुरामेंढरांचे रान या दोन जगांच्या सीमेवर उभे आहे. त्याची एक बायको म्हाळसा, वाण्याची. दुसरी बाणाई, धनगराची. एक घरची, दुसरी रानची. गवत पिकून पिवळे होते त्या दिवसांत एका गावचे ठाणे सोडून दुसऱ्या गावी मुक्कामास जाणारा देव पाहिला म्हणजे आम्हांस तरी बाणाईच्या माहेरची आठवण होते. हा आमचा तर्क आहे. वाचकांनी तो तर्क म्हणूनच घ्यावा.

गवताचे राजकारण मराठ्यांस पुरते ठाऊक होते. घोडदळाच्या राज्यास गवत म्हणजे दारूगोळ्याइतकेच महत्त्वाचे. स्वारीस दसऱ्यास निघावयाचे, याचे एक कारण नद्यांचे पूर ओसरतात हे, आणि दुसरे, तितकेच मोठे, रानात घोड्यास चारा तयार असतो हे. १६७३ च्या मे महिन्यात शिवाजी महाराजांनी चिपळूणकडील छावणीतल्या लष्करी अंमलदारांस धाडलेले पत्र इतिहासप्रेमी वाचकांस परिचित आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, या आशयाबद्दल ते वाखाणले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या पत्राचा बराच भाग गवतासंबंधी आहे. पावसाळ्याची बेगमी आताच उधळाल तर पुढे घोडी मरतील. गंजीजवळ विस्तव नेऊ नका. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सारे गवत भस्म होईल: इतक्या बारकाईची ती ताकीद आहे. एका छत्रपतीने उंदराच्या तोंडातील वातीपर्यंत विचार करावा, यावरून गवताची किंमत समजते. पुढे १७६० च्या हिवाळ्यात पानपतावर भाऊसाहेबांच्या फौजेची दाणावैरण तुटली, तेव्हा काय झाले हे आम्ही निराळे सांगावे असे नाही. म्हणूनच ठिकठिकाणी कुरणे आणि रमणे राखीव असत.

घोडदळे गेली आणि ही किंमतही गेली. अणदूरचा मुलूख १८५३ साली काही वर्षांकरिता निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि ‘तारा’ या तुळजापूरच्या कथानकावरील कादंबरीचा कर्ता मेडोज टेलर नळदुर्गास अधिकारी होऊन राहिला. १८६० साली तो मुलूख पुन्हा निजामाकडे गेला. राज्य कोणाचेही असो, महसुली दप्तराची भाषा हळूहळू एकच झाली. ज्या जमिनीवर सारा बसतो ती लागवडीची, आणि बसत नाही ती पडीक. ‘लायक पडीक’, ‘पोटखराबा’ या संज्ञा कागदावर दिसावयास निरुपद्रवी. पण दूध, लोकर, मांस, शेणखत आणि बैलांची शक्ती ज्या भूमीतून निपजत होती, ती भूमी या एका शब्दाने काही न निपजणारी ठरली. कुरण या शब्दात राखण्याचा अर्थ आहे. पडीक या शब्दात कोणीतरी येऊन ती उचलावी, असे आमंत्रण आहे.

नांगराने ते आमंत्रण स्वीकारले. १८३७ साली अमेरिकेच्या इलिनॉय प्रांतात जॉन डीर नावाच्या लोहाराने पोलादी फाळाचा नांगर घडविला, आणि शेकडो वर्षे मुळांनी विणलेली प्रेअरीची चिवट जमीन त्याने उलथता येऊ लागली. आज त्या उंच गवताच्या प्रेअरीपैकी शेकडा चार भागही शिल्लक नाही. आपल्याकडे काळ्या रानातील हराळी आणि कुंदा खणून काढण्यास लाकडी नांगरास सहा-आठ बैल जुंपावे लागत. १९०३ साली बेळगावास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला; लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी प्रथम तो घेईनात, पण पुढे तो घरोघर गेला. किर्लोस्करांच्या उद्योगाबद्दल आमच्या मनात आदरच आहे. तथापि डीरचा नांगर आणि किर्लोस्करांचा नांगर ही एकाच गोत्राच्या गवतांवर आलेली दोन पाळी होती, हेही नमूद करावयास हवे.

येथे इतिहासाने एक विलक्षण अदलाबदल केली आहे. मारवेल गेल्या शतकात चाऱ्याकरिता अमेरिकेस आणि ऑस्ट्रेलियास नेण्यात आले. टेक्सस संस्थानात ते ‘क्लेबर्ग ब्लूस्टेम’ या नावाने इतके फोफावले की, तेथील देशी प्रेअरी-गवतांस त्याने हुसकावून लावले, आणि आता ते कसे आवरावे यावर तेथील पंडित डोके खाजवीत आहेत. ऑस्ट्रेलियात त्यास ‘शेडा ग्रास’ म्हणतात. म्हणजे नाव शेड्याचे आणि गवत मारवेलाचे. उलट त्याच अमेरिका खंडातील मेस्कीट जातीचे काटेरी झाड १८७० नंतरच्या दशकात हिंदुस्थानात आणले गेले. हीच आपली वेडी बाभूळ. मारवेल ज्या माळावरून हद्दपार झाले, तेथे ती मेंढ्यांच्या व शेळ्यांच्या लेंड्यांतून बी पसरीत चालली आहे. आपले गवत त्यांच्या घरी दांडगाई करते आणि त्यांचे झुडूप आपल्या घरी. त्यात १९५५-५६ च्या सुमारास पुण्यास प्रथम दिसलेले गाजर गवत येऊन मिळाले. अमेरिकन गव्हाबरोबर ते आले असे मानतात. ते नावाने गवत, पण जातीने झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातले, आणि त्यास तोंड लावण्यास जनावर राजी नसते.

परदेशी झुडपांहून अधिक हानी मात्र सद्हेतूने झाली, असे आम्हांस वाटते. १९८५ साली पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले, आणि माळ दिसला की झाडे लावावी हे पुण्यकर्म ठरले. शाळेतील मुलांपासून मंत्र्यांपर्यंत सर्वांनी माळावर खड्डे खणले. गिरिपुष्प, सुबाभूळ असली परकी झाडे शेड्या-पवन्याच्या मुरमावर लावण्यात आली. काही जगली, पुष्कळशी मेली, आणि खड्ड्यांबरोबर गवताचे ठोंब गेले. ज्यास उघडा माळच लागतो अशा माळढोक पक्ष्याकरिता १९७९ साली सोलापूरजवळच्या नान्नजसह विस्तृत प्रदेश अभयारण्य म्हणून जाहीर झाला. अभयारण्य हा शब्दही पाहा. माळाला अरण्य म्हटल्यावाचून त्यास अभय देता येईना! आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आत उरले आहेत, आणि सोलापूरकडे तो दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

गायरानांची कथा याहून गुंतागुंतीची आहे, आणि तीत गवताचीच बाजू घेऊन बोलणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. गायरान सर्व गावाचे म्हणावयाचे; पण ज्याच्या गोठ्यात वीस जनावरे, त्याला त्याचा लाभ वीसपट, आणि ज्याच्याकडे एक शेळी त्याला एका शेळीचा. ज्यांस शतकानुशतके जमीनच मिळू दिली नाही, त्या भूमिहीनांनी पडीक जमीन मागितली, त्यासाठी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली सत्याग्रह केले, हजारो माणसे तुरुंगात गेली. मराठवाड्यात गायरानाच्या दोन एकरांवर उभे राहिलेले दलित कुटुंब पाहून तेथे मारवेल होते हो, असे हळहळणाऱ्यास आम्ही विचारू की, गावातील शंभर एकरांच्या धन्याने आपल्या जमिनीतील किती मारवेल राखले? २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याचा आदेश दिला, त्यातही भूमिहीन व मागास जातींस रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद ठेवला आहे. तो विवेक गावोगाव पाळला जाईल तर बरे. एकाच पट्टीने दोघांस मोजणे हा न्याय नव्हे.

झाले ते इतके की, चारा गेला. गायराने आकसली, शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, तेव्हा कडबाही गेला. ज्या जिल्ह्याच्या नावाने उस्मानाबादी शेळी सर्वत्र ओळखली जाते, त्याच जिल्ह्यात २०१२-१३ च्या आणि पुन्हा २०१५-१६ च्या दुष्काळात जनावरांसाठी चारा छावण्या उघडाव्या लागल्या, आणि गुरांपुढे ऊस टाकावा लागला. पावसाच्या तुटीने गवतही वाळते हे खरे. पण ठोंब जिवंत असला तर पहिल्या सरीस तो आठ दिवसांत हिरवा होतो. सोयाबीनच्या धसकटांस ती विद्या नाही.

मारवेल अजून अगदी गेलेले नाही. काळ्या रानातील शेताच्या बांधांवर, रस्त्याच्या कडेच्या चरांत, जेथे फाळ पोचत नाही अशा हातभर पट्ट्यांत ते उभे असते. भाद्रपद-आश्विनात बाया ते कापून भारे नेतात, आणि दुभत्या म्हशीपुढे तेच पहिल्याने टाकतात. राहुरीच्या कृषि विद्यापीठाने त्याचे निवडक वाण काढले आहेत. ‘फुले मारवेल ०६-४०’ हा त्यांतला एक. मारवेलाचे बी हलके व केसाळ असल्याने वाऱ्याने उडते, मुठीतून सरळ पडत नाही, म्हणून ते पेरण्यापेक्षा ठोंब लावणे सोयीचे. जुना ठोंब उपटून त्याच्या मुळांसकट फोडी कराव्या, वरचे पान छाटून टाकावे, आणि मृगाचा पाऊस चांगला मुरल्यावर ओळीने लावाव्या. पहिल्या वर्षी त्यावर जनावर सोडू नये. एक ठोंब फोडला तर त्यापासून कित्येक रोपे होतात, आणि तो ठोंब आपल्याच बांधावर मिळतो.